सर्व्हरवरची माहिती ब्राउझरच्या स्क्रिप्टपर्यंत: जेसन नीट पाठवण्याची पद्धत

सर्व्हरवर एका ऑर्डरची नोंद आहे आणि पानावरच्या जावास्क्रिप्टला ती हवी आहे. काम एवढंच. तरीही कन्सोलमध्ये 'अनएक्स्पेक्टेड टोकन' असं लाल अक्षरात दिसतं, देवनागरी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांचे चौकोन येतात, नाहीतर लांबलचक क्रमांकाचा शेवटचा आकडा गुपचूप बदलतो. ही दुखणी वेगवेगळी दिसतात, पण बहुतेकांचं मूळ एकाच प्रकारचं असतं.

ही नोंद वाटेत तीन हद्दी ओलांडते. आधी सर्व्हरच्या भाषेतल्या ऑब्जेक्टचा जेसन, म्हणजे माहिती लिहिण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीतला, मजकूर होतो (हे एन्कोड करणं). मग तो मजकूर एचटीएमएल पानात किंवा एचटीटीपी प्रतिसादात भरला जातो. शेवटी ब्राउझर त्याचं पुन्हा ऑब्जेक्ट करतो (हे पार्स करणं). प्रत्येक हद्दीवर रूपांतर एकदाच आणि त्या हद्दीसाठी बनवलेल्या साधनानेच व्हायला हवं. ते राहून गेलं तरी बिघाड, दोनदा झालं तरी बिघाड.

(खालच्या नमुन्यांत टॅग आणि नावं वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.)

आधी ठरवा: पानातच द्यायची की वेगळी मागवायची?

पान उघडताक्षणी लागणारी आणि आकाराने लहान माहिती पानातच द्यावी. वापरकर्त्याची भाषा, फॉर्मचे पर्याय, नकाशाचा सुरुवातीचा मध्य, पहिल्या वीस नोंदी ही अशी उदाहरणं. यात एक पूर्ण फेरी वाचते. नाहीतर पान येणार, मग स्क्रिप्ट येणार, मग तिची विनंती सर्व्हरकडे जाणार आणि तोवर माणूस फिरत्या चक्राकडे बघत बसणार.

माहिती वापरकर्त्याच्या कृतीनंतर लागत असेल, सारखी बदलत असेल, मोठी असेल किंवा अनेक पानांना सामाईक असेल, तर तिला वेगळा पत्ता द्यावा आणि स्क्रिप्टने ती फेचने, म्हणजे ब्राउझरच्या विनंती पाठवणाऱ्या फंक्शनने, मागवावी.

निवड करताना पानाच्या कॅशचा विचार हटकून राहून जातो. पान सीडीएनवर किंवा प्रॉक्सीवर (सर्व्हर आणि ब्राउझर यांच्या मधल्या यंत्रांवर) सगळ्यांसाठी साठवलं जात असेल आणि त्यात लॉगिन केलेल्या माणसाचं नाव, पत्ता जेसनमध्ये भरलेला असेल, तर पहिल्याची माहिती दुसऱ्याला दिसेल. चाचणीत हे सापडत नाही, कारण चाचणी करणारा एकटाच असतो. म्हणून नियम सोपा ठेवा: सामाईक कॅशमध्ये जाणाऱ्या पानात व्यक्तिगत काहीही भरायचं नाही, ते वेगळ्या विनंतीनेच आणायचं.

सर्व्हरवर जेसन तयार करताना

जेसन हाताने जोडू नका. टेम्प्लेटमध्ये महिरपी कंस आणि अवतरणचिन्हं लिहून मधे चल बसवण्याचा मोह होतो, आणि पहिल्या दहा नोंदींना ते चालतंही. मग कुणाच्या नावात दुहेरी अवतरण येतं, पत्त्यात एंटर येतो, आणि सगळं कोसळतं. टेम्प्लेट इंजिन संख्येत हजारांचा स्वल्पविराम घालत असेल किंवा आकडे देवनागरीत छापत असेल, तर तेही जेसन म्हणून अवैध ठरतं. जेसनमधली संख्या इंग्रजी आकड्यांतच (0 ते 9) लागते आणि दशांशासाठी फक्त बिंदू चालतो. प्रत्येक भाषेत यासाठी तयार फंक्शन आहे. पीएचपीत जेसन-एन्कोड, पायथॉनमध्ये जेसन-डम्प्स, नोडमध्ये जेसन-स्ट्रिंगिफाय. तेच वापरा.

एन्कोडरकडे डेटाबेसची अख्खी ओळ सोपवू नका. पाठवायची फील्ड्स नाव घेऊन निवडा. 'नको ती काढून टाकू' या पद्धतीत पुढे कुणी पासवर्डचा हॅश किंवा अंतर्गत शेरा असलेला नवा स्तंभ जोडला, की तो आपोआप बाहेर पडू लागतो. पानावर दाखवलं नाही म्हणजे लपलं, असं होत नाही. 'व्ह्यू सोर्स' सगळ्यांकडे असतं.

आता मूल्यांकडे बघू. बारीक गफलती इथेच होतात.

मोठे पूर्णांक. जावास्क्रिप्ट सगळ्या साध्या संख्या ६४ बिटी फ्लोटिंग पॉइंटमध्ये ठेवते. त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९१ या पूर्णांकापर्यंतच अचूकतेची खात्री आहे. सर्व्हरने ९००७१९९२५४७४०९९३ हा क्रमांक संख्या म्हणून पाठवला, तर ब्राउझरमध्ये तो ९००७१९९२५४७४०९९२ होतो. त्रुटी येत नाही, इशारा नाही, फक्त दुसऱ्याच ऑर्डरचं पान उघडतं. डेटाबेसमधला ६४ बिटी क्रमांक १९ अंकांपर्यंत जाऊ शकतो. ओळखक्रमांकावर बेरीज-वजाबाकी करायची नसते, त्यामुळे तो सरळ अवतरणात, मजकूर म्हणून पाठवा.

पैसे. बहुतेक दशांश अपूर्णांक फ्लोटमध्ये अचूक बसत नाहीत. रक्कम चलनाच्या सर्वात लहान एककात पूर्णांक म्हणून द्या, किंवा मजकूर म्हणून द्या. चलनाचं नाव वेगळ्या फील्डमध्ये.

तारीख आणि वेळ. जेसनमध्ये तारखेचा प्रकारच नाही. पायथॉनचा एन्कोडर तारीख दिसली की थेट त्रुटी देतो. इतर काही भाषा आपापल्या मर्जीने काहीतरी मजकूर करतात. आयएसओ ८६०१ पद्धतीने, वेळक्षेत्रासकट लिहा: वर्ष-महिना-दिवस, मधे टी, मग वेळ आणि शेवटी यूटीसीसाठी (जागतिक प्रमाणवेळेसाठी) झेड. वेळक्षेत्र गाळलं तर जावास्क्रिप्टचा नियम विचित्र आहे. नुसती तारीख दिली तर ती यूटीसी धरली जाते आणि तारीख-वेळ दोन्ही दिली तर स्थानिक धरली जाते. यूटीसीच्या मागे असलेल्या प्रदेशात नुसती तारीख म्हणूनच एक दिवस आधीची दिसते. जन्मतारखेसारख्या, वेळेशी संबंध नसलेल्या तारखा डेट ऑब्जेक्टमध्ये न घालता मजकूर म्हणूनच हाताळाव्यात. डेटाबेसमधून येणारं, मधे रिकामी जागा असलेलं रूप प्रमाण नाही. ते एका ब्राउझरमध्ये चाललं म्हणून दुसऱ्यात चालेलच असं नाही.

'संख्या नाही' आणि अनंत. सरासरी काढताना शून्याने भागलं गेलं की फ्लोटमध्ये नॅन किंवा इन्फिनिटी येऊ शकतं. जेसनमध्ये या दोघांना जागा नाही. पायथॉनचा एन्कोडर मात्र मूळ सेटिंगमध्ये नॅन जसाच्या तसा लिहून मोकळा होतो आणि ब्राउझर पार्स करताना अडखळतो. तिथे 'अलाउ-नॅन' बंद ठेवा, म्हणजे चूक सर्व्हरवरच कळेल. नोडमध्ये याच मूल्यांचं निमूटपणे नल होतं. शिवाय अनडिफाइन्ड असलेलं फील्ड गायब होतं, आणि बिगइंट दिसला की टाइपएरर येते.

पीएचपीतल्या याद्या. पीएचपीत यादी आणि ऑब्जेक्ट दोन्ही ॲरेच. अनुक्रमणिका शून्यापासून सलग असेल तर जेसनमध्ये चौकोनी कंस येतात, नाहीतर महिरपी. ॲरे-फिल्टरने मधल्या नोंदी गाळल्या की अनुक्रमणिकेत भोकं राहतात, आणि काल यादी असलेलं फील्ड आज ऑब्जेक्ट होतं. ब्राउझरमध्ये 'मॅप इज नॉट अ फंक्शन' अशी त्रुटी येते आणि तीही सगळ्यांकडे नाही, ज्यांच्या नोंदी गाळल्या गेल्या त्यांच्याकडेच. उपाय: एन्कोड करण्याआधी ॲरे-व्हॅल्यूज. उलट बाजूने, रिकामा ऑब्जेक्ट हवा असेल तिथे रिकामा ॲरे चौकोनी कंस देतो, म्हणून तो आधी ऑब्जेक्टमध्ये बदलून घ्या.

पीएचपीतच आणखी एक गोष्ट: मजकुरात यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) न बसणारे बाइट असतील तर एन्कोडर फॉल्स परत करतो, आणि फॉल्स छापलं की काहीच छापलं जात नाही. ब्राउझरला रिकामा प्रतिसाद मिळतो. पीएचपी ७.३ पासून 'जेसन थ्रो ऑन एरर' हा पर्याय आहे, तो कायम लावावा.

मजकुराचं एन्कोडिंग यूटीएफ-८ च असावं. डिसेंबर २०१७ च्या आरएफसी ८२५९ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारा दस्तऐवज), वेगवेगळ्या यंत्रणांमध्ये जाणाऱ्या जेसनसाठी ते बंधनकारक केलं आहे. फेचची जेसन पद्धतही हेडरमध्ये (प्रतिसादाबद्दल माहिती देणाऱ्या, मजकुराआधीच्या ओळींमध्ये) काहीही लिहिलेलं असलं तरी यूटीएफ-८ धरूनच वाचते. पीएचपी आणि पायथॉन मुळात देवनागरी अक्षर बॅकस्लॅश, यू आणि चार अंकांच्या रूपात लिहितात. ते पूर्ण वैध आहे, पण एका अक्षरचिन्हाला ३ च्या जागी ६ बाइट लागतात आणि लॉगमध्ये काही वाचता येत नाही. मराठी मजकूर भरपूर असेल तर पीएचपीत 'अनएस्केप्ड युनिकोड' लावा, पायथॉनमध्ये 'एन्शुअर ॲस्की' बंद करा.

पानात बसवताना

सर्वात भरवशाची जागा म्हणजे माहितीचा स्क्रिप्ट टॅग. त्याचा टाइप 'ॲप्लिकेशन/जेसन' ठेवला की ब्राउझर तो चालवत नाही, नुसता मजकूर म्हणून बाजूला ठेवतो. चालवला जात नसल्यामुळे कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीत (पानावर कुठला कोड चालेल हे ठरवणाऱ्या हेडरमध्ये) इनलाइन स्क्रिप्टला बंदी असली तरी अडचण येत नाही. 'अमुक चल बरोबर' असं लिहून पुढे जेसन ओतण्याची जुनी पद्धत चालते, पण तिथे माहिती आणि कोड एकाच पिशवीत येतात, आणि माहितीतल्या चुकीचा कोड व्हायला वेळ लागत नाही.

पण माहितीच्या टॅगमध्येही एक सापळा आहे. ग्राहकाने टीपेच्या रकान्यात मुद्दाम किंवा सहज असं लिहिलं समजा:

```
<स्क्रिप्ट आयडी="ऑर्डर-माहिती" टाइप="ॲप्लिकेशन/जेसन">
{"क्रमांक": "क-४१७", "टीप": "पाकिटावर </स्क्रिप्ट> छापा"}
</स्क्रिप्ट>
```

जेसन म्हणून दुसरी ओळ निर्दोष आहे. पण पान वाचणाऱ्या एचटीएमएल पार्सरला जेसन, अवतरणचिन्हं वगैरे काही कळत नाही. त्याला बंद होणारा टॅग दिसला की स्क्रिप्ट संपली. त्यामुळे माहिती 'पाकिटावर'पाशी तुटते आणि उरलेला 'छापा"}' हा तुकडा पानावर साध्या मजकुरासारखा दिसतो. 'छापा'च्या जागी नवा स्क्रिप्ट टॅग उघडून कोड लिहिला असता, तर तो चालला असता. हाच तो क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगचा हल्ला.

इथे सवयीने एचटीएमएल एस्केप लावला जातो, म्हणजे विशेष चिन्हांच्या जागी एंटिटी नावाचे संकेत घातले जातात, आणि नवाच घोळ होतो. स्क्रिप्ट टॅगच्या आत ब्राउझर एंटिटी उलगडत नाही. दुहेरी अवतरणाच्या जागी आलेलं अँपरसँड-क्वॉट तसंच राहतं आणि जेसन पार्स होत नाही. टेम्प्लेटचं आपोआप एस्केप चालू असताना जेसन छापला की नेमकं हेच होतं. मग कुणीतरी वैतागून 'सेफ' लावून एस्केप बंद करतो, पान चालतं, आणि वरचा सापळा उघडा पडतो.

बरोबर उपाय जेसनच्या स्वतःच्या एस्केपमध्ये आहे. एन्कोड झालेल्या मजकुरात 'पेक्षा लहान' चिन्हाच्या जागी बॅकस्लॅश-यू-००३सी, 'पेक्षा मोठं'च्या जागी ००३ई आणि अँपरसँडच्या जागी ००२६ घालायचं:

```
{"क्रमांक": "क-४१७", "टीप": "पाकिटावर \यू००३सी/स्क्रिप्ट\यू००३ई छापा"}
```

एचटीएमएल पार्सरला आता टॅग दिसत नाही, आणि जेसन पार्स झाल्यावर मूळ चिन्हं जशीच्या तशी परत मिळतात. हे बदल आंधळेपणाने सगळ्या मजकुरावर केले तरी चालतात, कारण वैध जेसनमध्ये ही तीन चिन्हं अवतरणांच्या आतच येऊ शकतात.

पीएचपी मुळात तिरक्या रेषेआधी बॅकस्लॅश घालतो, त्यामुळे बंद होणारा टॅग मोडतो. पण एवढं पुरत नाही. मजकुरात एचटीएमएल टिप्पणी सुरू करणारी खूण आणि तिच्यापुढे उघडणारा स्क्रिप्ट टॅग आला, तर पार्सर एका वेगळ्या अवस्थेत जातो आणि तुमचा खरा बंद टॅगसुद्धा मानत नाही. पानाचा पुढचा भाग गिळला जातो. म्हणून 'जेसन हेक्स टॅग' आणि 'जेसन हेक्स अँप' हे पर्याय लावायचेच. जँगोमध्ये २.१ आवृत्तीपासून 'जेसन-स्क्रिप्ट' हा फिल्टर टॅगसकट हे सगळं करतो, फ्लास्कमध्ये 'टूजेसन' आहे, गो भाषेचा एन्कोडर मुळातच ही चिन्हं बदलतो. नोडचा स्ट्रिंगिफाय मात्र यातलं काहीच करत नाही. तिथे तीन बदल स्वतः करावे लागतात.

वाचताना स्क्रिप्टने टॅग आयडीने शोधायचा, त्याचा टेक्स्टकंटेंट घ्यायचा आणि जेसन-पार्सला द्यायचा. वाचणारी स्क्रिप्ट पानाच्या शिरोभागात साधेपणाने जोडलेली असेल, तर ती चालते तेव्हा माहितीचा टॅग जन्मालाच आलेला नसतो आणि हाती नल येतं. तिला 'डिफर' लावा किंवा मॉड्यूल करा.

एखाद्या बटणापुरती दोन-चार मूल्यं द्यायची असतील तर डेटा-ॲट्रिब्यूट सोयीचं पडतं. इथे नियम उलटा होतो. ॲट्रिब्यूटमध्ये ब्राउझर एंटिटी उलगडतो, त्यामुळे नेहमीचा एचटीएमएल एस्केप हवाच, आणि ॲट्रिब्यूटभोवती अवतरणही हवंच. तोच जेसन, पण टॅगच्या आत एक एस्केप आणि ॲट्रिब्यूटमध्ये दुसरा. या दोहोंची अदलाबदल हे पानातल्या जेसनच्या तक्रारींचं सर्वात मोठं कारण असावं.

वेगळ्या पत्त्यावरून देताना

सर्व्हरच्या प्रतिसादात या गोष्टी तपासा.

कंटेंट-टाइप 'ॲप्लिकेशन/जेसन' हवा. 'टेक्स्ट/एचटीएमएल' राहिला तरी फेच चालेल, म्हणूनच चूक लक्षात येत नाही. पण कुणी तो पत्ता थेट ब्राउझरमध्ये उघडला, तर जेसनमधला मजकूर एचटीएमएल म्हणून रंगवला जाईल आणि त्यातली स्क्रिप्ट चालेल. सोबत 'एक्स-कंटेंट-टाइप-ऑप्शन्स: नोस्निफ' द्या.

स्टेटस कोड खरा द्या. सगळ्याला २०० देऊन आत 'एरर' असं फील्ड ठेवण्याची पद्धत टाळावी. सापडलं नाही तर ४०४, लॉगिन नाही तर ४०१, परवानगी नाही तर ४०३, दिलेली माहिती चुकीची तर ४०० किंवा ४२२. चुकीचा प्रतिसादही जेसनमध्येच असावा. त्याची प्रमाण रचना हवी असेल तर २०२३ चा आरएफसी ९४५७ आहे: टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल, इन्स्टन्स ही फील्ड्स आणि 'ॲप्लिकेशन/प्रॉब्लेम+जेसन' हा प्रकार.

कॅशबद्दल स्पष्ट लिहा. काहीच लिहिलं नाही तर ब्राउझर स्वतःच्या अंदाजाने साठवू शकतो. व्यक्तिगत, संवेदनशील माहितीसाठी 'नो-स्टोअर'. 'नो-कॅश' म्हणजे साठवू नका असं नव्हे. साठवा, पण वापरण्याआधी सर्व्हरला विचारा. क्वचित बदलणाऱ्या याद्यांसाठी 'नो-कॅश' आणि ईटॅग (मजकुराच्या आवृत्तीची खूण) ही जोडी छान जमते: बदल नसेल तर सर्व्हर ३०४ एवढंच म्हणतो आणि स्क्रिप्टला मात्र नेहमीसारखा २०० आणि पूर्ण माहिती मिळते.

कॉम्प्रेशन तपासा. जेसनमध्ये फील्डची नावं पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे जीझिप आणि ब्रॉटली त्यावर उत्तम चालतात. एनजिन्क्समध्ये जीझिप नुसतं चालू केलं तर ते फक्त एचटीएमएलला लागू होतं. जेसनचा प्रकार जीझिप-टाइप्समध्ये वेगळा लिहावा लागतो.

एकाच पत्त्यावर 'ॲक्सेप्ट' हेडर बघून कधी एचटीएमएल, कधी जेसन द्यायची कल्पना देखणी आहे. पण प्रतिसाद कुठल्या हेडरनुसार बदलतो हे कॅशला सांगणारं 'व्हेरी: ॲक्सेप्ट' विसरलात तर कॅशला दोन्ही सारखेच वाटतात. वापरकर्ता दुसरीकडे जाऊन 'मागे'चं बटण दाबतो आणि पानाऐवजी उघडाबोडका जेसन समोर येतो. सरळ वेगळा पत्ता द्यावा, डोक्याला ताप नाही.

सर्वात वरच्या पातळीवर नुसती यादी न देता ऑब्जेक्ट द्या आणि यादी त्याच्या एका फील्डमध्ये ठेवा. उद्या एकूण संख्या किंवा पुढच्या पानाची खूण जोडायची झाली तर जुन्या स्क्रिप्ट मोडत नाहीत. आणि नोंदी तुकड्यांतच द्या. जेसन पार्स होत असताना मुख्य थ्रेड अडकलेला असतो. काही मेगाबाइटचा प्रतिसाद साध्या फोनवर स्क्रोल थांबवण्याइतका जड पडतो.

ब्राउझरच्या बाजूने

फेचचा सर्वात मोठा गैरसमज असा की सर्व्हरने ५०० दिला की 'कॅच'मध्ये जाईल. जात नाही. नेटवर्कच तुटलं किंवा ब्राउझरने अडवलं तरच प्रॉमिस (फेचने परत दिलेलं, निकाल नंतर येणारं ऑब्जेक्ट) नाकारलं जातं. ४०४ आणि ५०० हे फेचच्या दृष्टीने यशस्वी प्रतिसाद आहेत. म्हणून क्रम असा ठेवा:

१. फेचला पत्ता द्या आणि प्रतिसादाची वाट पाहा. वेळेची मर्यादा स्वतः घाला, 'अबॉर्टसिग्नल'च्या टाइमआउटने. सगळ्या ब्राउझरांत सारखी अशी सोयीची मर्यादा फेचला नाही.

२. प्रतिसादाचा 'ओके' गुण बघा. स्टेटस २०० ते २९९ मध्ये असेल तरच तो खरा असतो.

३. स्टेटस २०४ असेल तर थांबा. त्यात मजकूरच नसतो, आणि रिकामा मजकूर पार्स करायला गेलं की त्रुटी येते.

४. कंटेंट-टाइपमध्ये जेसन आहे ना, ते बघा.

५. मग जेसन पद्धत बोलवा, आणि तिचीही वाट पाहा. हेडर आले म्हणजे पूर्ण मजकूर आला असं नसतं.

चौथी पायरी अनेकांना फाजील वाटते. ती नेमकी कशासाठी ते बघा: वापरकर्त्याचं सेशन संपलं. सर्व्हरने ३०२ देऊन लॉगिन पानाकडे वळवलं. फेच निमूटपणे तिकडे गेला, लॉगिन पान २०० ने आलं, 'ओके' खरा ठरला, आणि जेसन पद्धतीसमोर एचटीएमएल पान आलं. त्याचं पहिलंच चिन्ह 'पेक्षा लहान'. 'अनएक्स्पेक्टेड टोकन <' ही प्रसिद्ध त्रुटी बऱ्याचदा इथून येते. सर्व्हरवर जेसनच्या पत्त्यांना लॉगिनकडे न वळवता ४०१ देणं हा खरा इलाज. ब्राउझरमधली तपासणी ही दुसरी फळी.

प्रतिसादाचा मजकूर एकदाच वाचता येतो. त्रुटी दाखवण्यासाठी आधी टेक्स्ट पद्धत आणि मग जेसन पद्धत बोलवली तर दुसरी फसते. मजकूर दोन्हीसाठी हवा असेल तर टेक्स्टने एकदा घ्या आणि स्वतः पार्स करा.

टाइप करता करता शोध चालणाऱ्या रकान्यात प्रतिसाद उलट क्रमाने येऊ शकतात. 'पु' ची विनंती रेंगाळते, 'पुणे' ची आधी परतते, आणि मागून आलेला 'पु'चा निकाल योग्य निकालावर बसतो. नवी विनंती पाठवण्याआधी जुनी 'अबॉर्टकंट्रोलर'ने रद्द करा, आणि रद्द झाल्याची त्रुटी वापरकर्त्याला दाखवू नका.

हाती आलेला मजकूर पानावर टाकताना टेक्स्टकंटेंट वापरा. इनरएचटीएमएलमध्ये थेट ओतला तर सर्व्हरपासून इथवर घेतलेली सगळी काळजी शेवटच्या ओळीत वाया गेली. आणि पार्सच्या जागी 'इव्हॅल' कुठे दिसलंच, तर ते काढून टाका.

दुसऱ्या डोमेनवरून मागवताना

पान एका डोमेनवर आणि जेसन दुसऱ्यावर असेल तर जेसन देणाऱ्या सर्व्हरने 'ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन' द्यायला हवं. ते नसेल तर नेटवर्क टॅबमध्ये २०० दिसतो आणि कन्सोलमध्ये सीओआरएसची (दुसऱ्या डोमेनच्या परवानगीच्या नियमांची, यालाच कॉर्सही म्हणतात) त्रुटी. दोन्ही खरं आहे: प्रतिसाद आला, पण ब्राउझर तो स्क्रिप्टच्या हाती देत नाही. फेचमध्ये 'नो-कॉर्स' मोड लावल्याने त्रुटी जाते, पण मिळणारा प्रतिसाद अपारदर्शक असतो, त्यातून काहीच वाचता येत नाही. हा उपाय सुचवणारे बरेच भेटतील. दुरुस्ती सर्व्हरवरच करावी लागते.

कुकीसकट विनंती हवी असेल तर फेचमध्ये क्रेडेन्शियल्स 'इन्क्लूड' करा. मग सर्व्हरला तारांकन ('कुणीही चालेल') चालत नाही; नेमकं ओरिजिन (मागणाऱ्या पानाचं प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट) आणि 'अलाउ-क्रेडेन्शियल्स: ट्रू' दोन्ही लागतात. ओरिजिन बघून हेडर बदलत असाल तर 'व्हेरी: ओरिजिन' जोडा. एवढं करूनही कुकी जात नसेल तर तिचा 'सेमसाइट' गुण तपासा. वेगळ्या साइटवरून जायचं तर 'नन' आणि सोबत 'सिक्युअर' हवं.

गेट विनंतीवर कंटेंट-टाइप जेसन लावण्याची सवय सोडा. ते हेडर तुम्ही पाठवत असलेल्या मजकुराचं वर्णन करतं, आणि गेटमध्ये मजकूर नसतो. फायदा शून्य, आणि दुसऱ्या डोमेनवर त्यामुळे आधी परवानगी विचारणाऱ्या ऑप्शन्स विनंतीची एक वेगळी फेरी होते. सर्व्हर ऑप्शन्सला उत्तर देत नसेल तर विनंतीच अडते.

बिघाड शोधताना

आधी कर्लने (कमांड लाइनवरून विनंती पाठवणाऱ्या साधनाने) पत्ता मागवा, हेडरसकट. तिथे जेसन नीट असेल तर दोष ब्राउझरच्या बाजूला, कुकीत किंवा सीओआरएसमध्ये. नीट नसेल तर स्क्रिप्टकडे बघायचंच नाही. मग नेटवर्क टॅबमध्ये 'रिस्पॉन्स' बघा. 'प्रिव्ह्यू' हे पार्स झालेलं रूप असतं, त्यामुळे मोठ्या क्रमांकाचा बदललेला आकडा तिथे बदललेलाच दिसू शकतो आणि तुम्ही सर्व्हरला दोष देत बसता.

त्रुटीच्या शब्दांतूनही बरंच कळतं. 'अनएक्स्पेक्टेड एंड' म्हणजे मजकूर रिकामा किंवा अर्धवट: एन्कोडर फसला, २०४ होता, नाहीतर सर्व्हर मधेच थांबला. टोकन 'पेक्षा लहान' असेल तर एचटीएमएल आलं आहे. लॉगिन, ४०४ चं पान किंवा पीएचपीचा रंगीत इशारा. टोकन 'एन' आणि पुढे नॅन दिसत असेल तर सरासरीचा हिशोब तपासा. अँपरसँड असेल तर टेम्प्लेटने एस्केप केला आहे. त्रुटी काहीच नाही, पण प्रत्येक फील्ड अनडिफाइन्ड येतंय? टाइपऑफ लावून बघा. उत्तर 'स्ट्रिंग' आलं तर जेसन दोनदा एन्कोड झाला आहे. बहुधा एका ठिकाणी स्ट्रिंगिफाय करून तयार मजकूर अशा फ्रेमवर्क फंक्शनला दिलेला असतो, जे स्वतःच पुन्हा एन्कोड करतं. तिथे ब्राउझरमध्ये दुसऱ्यांदा पार्स करून वेळ मारून नेऊ नका. सर्व्हरवरचा जादा एन्कोड शोधून काढा, नाहीतर तोच पत्ता वापरणाऱ्या पुढच्या प्रत्येक स्क्रिप्टला ती दुहेरी पार्सिंग करत बसावी लागेल.